दातापेक्षा तीन सूत

अँब्रोज टीबोची बायको जानेवारीत शेवटच्या बोटीनं पलीकडे गेली ती परत आलीच नाही, आणि ती खिळ्यांमुळे गेली याबद्दल अँब्रोजच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पलीकडे म्हणजे काही परदेशात नव्हे. मॅकिनॉ बेटाच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर सेंट इग्नेस दिसतं, मध्ये काय ते चार मैल पाणी. तिथे कोरीनची बहीण आयडेला राहते. दरवर्षी आठ-दहा दिवस बहिणीकडे जाणं ही कोरीनची जुनी रीत. पण या वेळी तिनं दोन सुटकेसी भरल्या, स्वयंपाकघरातल्या खिडकीतलं जिरेनियमचं रोप वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत घेतलं आणि धक्क्यावर त्याला सांगितलं, "पाणी गोठलं की तू न्यायला येशील, मला माहितीये. येऊ नकोस. मी काही तुझ्या गाडीवर बसून यायची नाही आता."

बोट सुटली तरी अँब्रोज तिथेच उभा. आठ-दहा दिवसांसाठी जाणारी बाई रोप घेऊन जात नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

आणि गाडीवर का बसणार नाही, हे तर सरळच होतं. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये दोघं बर्फगाडीवर सामान घेऊन सेंट इग्नेसहून बर्फावरून परत येत होते. तीन दिवस वारा असा सुटला होता की वरचा भुसभुशीत बर्फ सगळा झाडून गेला होता आणि खाली नुसती निळी काच उरली होती. नाताळ झाला की बेटावरची माणसं घराघरातली सजवलेली झाडं आणून बर्फात रोवतात आणि वाट आखतात. त्या झाडांच्या रांगेबाहेर शहाणा माणूस जात नाही. त्यातलंच एक झाड वाऱ्यानं वाटेत आडवं पडलेलं. अँब्रोजनं ब्रेक दाबला. गाडीचं पुढचं तोंड थांबलं, मागचं काही थांबायला तयार नाही. गाडी भिंगरीसारखी फिरली. पीठ, अंडी, रॉकेलचा डबा आणि कोरीन, सगळं चार दिशांना गेलं. कोणाचं हाड मोडलं नाही. पण उन्हाळाभर कोरीन कमी बोलत होती, आणि जानेवारीत ही अशी निघून गेली.

बर्फगाडीला चाकं नसतात. पोटाखाली रबराचा रुंद पट्टा फिरतो आणि त्याला रबराचेच दात असतात. मऊ बर्फात तेवढे दात पुरतात. कडक बर्फावर मात्र रबर नुसतं घासत बसतं, म्हणून पट्ट्याला भोकं पाडून टोकदार पोलादी खिळे बसवायचे. डोकं आतल्या अंगाला, बाहेरून चकती आणि नट. दातांच्या वर खिळ्याचं टोक किती निघावं, एवढाच काय तो प्रश्न. या एवढ्याशा प्रश्नावरून बेटावर जितकी भांडणं झाली असतील तितकी देवावरूनही झाली नसतील.

आणि अँब्रोजला तर यात स्वतःचा अपमान वाटत होता. तो नालबंद. हिवाळ्यातल्या बर्फगाड्या सोडल्या तर बेटावर मोटारींना मज्जाव आहे. उन्हाळ्यात पाहुण्यांपासून बियरच्या पिंपांपर्यंत सगळं घोड्यांवर चालतं, आणि त्या शेकडो घोड्यांचे पाय मांडीवर घेऊन अँब्रोजची कंबर वाकली होती. नालेचा खिळा जरा आत गेला तर घोडा लंगडतो, जरा बाहेर राहिला तर नाल निघून येते. असा माणूस. आयुष्यभर खिळ्याची लांबी हेच ज्याचं पोट, त्याच्या स्वतःच्या गाडीचे खिळे त्याच्या बायकोला बर्फावर फेकून देतात! लोक तोंडावर काही म्हणत नव्हते, पण चर्चमधून बाहेर पडताना त्याच्या गाडीच्या पट्ट्याकडे वाकून बघायचे, आणि ते त्याला जास्त झोंबायचं.

जानेवारीच्या अखेरीला सामुद्रधुनी गोठली. बर्फ पुरेसा जाड आहे ना हे लोखंडी कांबेनं ठोकून पाहत पहिली माणसं पलीकडे जाऊन आली, झाडं रोवली गेली, आणि ज्याच्या-त्याच्या बायका-मुली बाजाराला जाऊ-येऊ लागल्या. अँब्रोजनं गाडी घरामागच्या पडवीत आडवी केली आणि कामाला लागला.

शेजारचा वेंडेल लपाइन पहिल्याच सकाळी कॉफीचा मग हातात घेऊन हजर. हा पूर्वी बोटीवर दोर टाकायच्या कामाला होता, आता दुसऱ्यांच्या कामाकडे बघायच्या कामाला आहे.

"किती खिळे आहेत तुझ्या पट्ट्याला?" वेंडेलनं विचारलं.

"शंभर असतील."

"शंभर! मग घसरेल नाहीतर काय करेल. माझ्या पट्ट्याला बघ. हात ठेवायला जागा नाही."

"वेंडेल, तुझी गाडी दोन वर्षांत सुरू झालेली नाही."

"नसेल झाली," वेंडेल शांतपणे म्हणाला, "पण घसरली का कधी?"

याच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही हे अँब्रोजला चांगलं ठाऊक होतं. तरी तो गेल्यावर त्यानं जुन्या खिळ्यांचं माप घेतलं, तसलेच आणखी मागवले आणि पट्ट्याला भोकं पाडायला बसला. गोठलेल्या पडवीत पाठीवर झोपून, एका हातानं आतून खिळा धरायचा, दुसऱ्या हातानं बाहेरून नट पिळायचा, आणि नट धरायचा नेमका त्या वेळी खिळ्यानं गिरकी घ्यायची. बोटांची सालं निघाली. हातमोजे घातले तर नट हाताला लागत नाही, काढले तर नट हाताला चिकटतो. चौथ्या दिवशी पट्टा साळिंदर दिसायला लागला तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं. तो गाडी बंदरातल्या उघड्या बर्फावर घेऊन गेला, जरा वेग दिला आणि ब्रेक दाबला.

गाडी आडवी होऊन सरळ बर्फावरच मांडलेल्या मच्छीमारांच्या झोपडीकडे निघाली. आतून कोणीतरी गळ घेऊन ओरडत बाहेर आलं. मागच्या वर्षीपेक्षा एक वेढा कमी घेतला, एवढाच काय तो फरक.

"आणखी थोडे लाव," वेंडेल किनाऱ्यावरून ओरडला.

दुसरा सल्ला मिळाला तो तबेल्यात. तबेल्याचा मालक फ्लॅनरी. थंडीत मालवाहतुकीला ठेवलेल्या मोजक्या घोड्यांच्या नाला बघायला अँब्रोज आठवड्यातून एकदा तिथे जायचा. फ्लॅनरीचा आवाज असा की त्यानं कानात सांगितलेलं गुपितही धक्क्यापर्यंत ऐकू जाई.

"त्या वेंडेलचं काय ऐकतोस!" तो गरजला. "शंभर बुटक्यांनी काय होतंय? लांब घे, लांब! दोन इंची घे. बर्फात रुतला पाहिजे खिळा. मी माझ्या भावाच्या गाडीला तेच लावलेत."

"तुझा भाऊ फ्लोरिडात असतो ना?"

"आता असतो. पण त्याच्या गाडीची पकड काय होती, विचार त्याला!"

अँब्रोजचा पुन्हा तोच उद्योग. सगळे खिळे काढले. गोठलेले नट निघता निघत नव्हते, निम्मे तर कापावे लागले. दोन इंची खिळे विमानानं आले, आणि ते हातात घेतल्यावर त्याला पहिल्यांदा उमेद वाटली. हे खिळे नव्हते, भाले होते. ते बसवून तो बंदरात गेला तेव्हा गाडीनं बर्फ असा धरला की ब्रेक दाबल्यावर तोच पुढे काचेवर आपटला. नाक सुजलं, पण मन भरून आलं. त्या आनंदात त्यानं थेट सामुद्रधुनीची वाट धरली.

अर्ध्या वाटेवरही पोचला नसेल. पट्ट्याच्या वर, सीटच्या खाली, गाडीचं पत्र्याचं पोट असतं आणि तिथून इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या नळ्या जातात. उंचवट्यावर पट्टा वर उसळला की त्याचे भाले त्या पत्र्याला खरवडायचे. आवाज येत होता. अँब्रोजला वाटलं, चांगल्या पकडीचा आवाज असेल. मग इंजिनला सणसणून ताप चढला. त्यानं मागे वळून पाहिलं तर बर्फावर हिरव्या पाण्याची लांबच लांब रेघ, थेट बेटापर्यंत. परतीला त्याला फ्लॅनरीच्याच घोड्यांनी ओढून आणलं, आणि बंदरावर उभ्या असलेल्या प्रत्येकानं टोपी काढून त्याला सलाम केला. फ्लॅनरी म्हणाला, "पकड मात्र होती की नाही, ते सांग!"

कोरीनचा फोन दर रविवारी चर्चनंतर यायचा.

"जेवतोस का नीट?" तिनं विचारलं.

"जेवतो. अगं, नळी फुटली. दोन इंची जास्त झाले. नवी नळी यायला आठवडा लागेल."

"खोकला कसाय?"

"बरा आहे. पण मधलं काहीतरी माप असणार बघ. आधीचे आखूड, हे लांब. मधलं. ते सापडलं की आलोच मी."

पलीकडे आयडेलाच्या रेडिओवर कोणीतरी फिडल वाजवत होतं.

"बरं," कोरीन म्हणाली आणि फोन ठेवला.

अँब्रोजला ते 'बरं' आवडलं नाही. आपण इथे बोटं सोलून घेतोय, थंडीनं कानाच्या पाळ्या काळ्या पडल्यात, सगळं गाव हसतंय, आणि हिला साधं कौतुक नाही! वेंडेल तर एक दिवस म्हणाला, "विमानानं का नाही आणत बायकोला? दहा मिनिटांचा प्रश्न." अँब्रोजनं त्याला त्याच्या मगासकट पडवीबाहेर काढलं. विमानानं आणायची म्हणजे सगळ्या बेटासमोर कबूल करायचं की अँब्रोज टीबोला चार मैल बर्फावरून बायको सुखरूप आणता येत नाही. शिवाय ती विमानानं येईल असं तिनं तरी कुठे म्हटलं होतं? या शेवटच्या गोष्टीचा विचार त्यानं फार पुढे नेला नाही.

माप सापडलं ते पाय पुसताना.

त्याच्या पडवीच्या दारात जुना पट्टा अंथरलेला होता. बेटावर असं सगळेच करतात. पट्टा झिजला की नवा चढवायचा आणि जुना कापून दारात पायपुसणं म्हणून टाकायचा, चिखल झटकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. त्या दुपारी अँब्रोज बुटाचा बर्फ त्याच्यावर घासत होता, चिडचिडीत जरा जोरातच घासत होता, आणि बुटाचा तळ एका जुन्या खिळ्याच्या भोकात अडकला. तो खाली बघत राहिला. मग गुडघ्यावर बसला. जुन्या पट्ट्याचे दात झिजून झिजून बोटाच्या पेराएवढेच उरले होते.

मागच्या वर्षी नवा पट्टा चढवला तेव्हा खिळ्यांचं माप त्यानं याच पट्ट्यावरून घेतलं होतं. इथे खिळे छान वर डोकावत होते, पकड उत्तम होती, म्हणून तेच माप. पण नव्या पट्ट्याचे दात कोरे करकरीत, सव्वा इंची. तेच खिळे त्या दातांच्या गर्दीत जेमतेम सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर यायचे, आणि गाडीच्या वजनानं रबर दबलं तरी बर्फाला नुसती गुदगुली करायचे. म्हातारीच्या पायाचं माप देऊन त्यानं तरुण पोरीला बूट आणले होते. वेंडेलचं ऐकून तर त्यानं त्याच चुकीचे आणखी शंभर नमुने बसवले होते.

"गाढवा," तो स्वतःला म्हणाला. मग पडवीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून आणखी बरंच काही म्हणाला.

दाताची उंची मोजायची आणि खिळा त्याच्यावर तीन सूत निघेल एवढा घ्यायचा. दोन सूत कमी पडतं, सहा सूत पत्रा फाडतं. तीन. हे घोड्याच्या खुराला कळतं, दुकानातल्या पोराला कळतं, फक्त अँब्रोज टीबोला कळायला अख्खा फेब्रुवारी जावा लागला. तरी त्यानं तेवढ्यावर सोडलं नाही. नवी नळी बसवली, तिच्यावर पोलादी पट्टी ठोकली, चाळणी झालेला पट्टा फेकून नवा आणला, मापाचे खिळे बसवले आणि बंदरात जाऊन पंधरा-वीस वेळा ब्रेक दाबून पाहिला. गाडी जिथल्या तिथे उभी. मच्छीमार झोपडीतून बाहेर आला, जरा बघत राहिला आणि परत आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अँब्रोज दाढी करून सेंट इग्नेसला पोचला. दार आयडेलानं उघडलं.

"आले का नालबंद!" ती म्हणाली. "बूट बाहेर. मागच्या वेळी माझ्या गालिच्यावर तळं केलं होतंस."

स्वयंपाकघरात मटण-बटाटा भरलेल्या करंजीसारख्या पेस्टीचा वास भरला होता आणि टेबलावर पत्त्यांचा डाव अर्धवट पडला होता. कोरीन हातातले पत्ते खाली न ठेवताच म्हणाली, "बस. नाकाला काय झालं?"

"ते जाऊ दे. सापडलं!" अँब्रोज खुर्चीवर टेकलाही नाही. "दाताच्या वर तीन सूत. सगळी चूक जुन्या पट्ट्याची होती. आता तू बस मागे, मी वाटेल तिथे ब्रेक दाबून दाखवतो. इंचभर हलणार नाही. कोट घाल."

आयडेलानं बहिणीकडे पाहिलं आणि काही काम आठवल्यासारखी आतल्या खोलीत गेली. दार मात्र उघडंच ठेवलं.

कोरीननं पत्ते पालथे ठेवले. "अँब्रोज, मी खिळ्यांमुळे आले इथे, असं वाटतं तुला?"

"मग कशामुळे?"

"त्या दिवशी गाडी फिरली, मी पडले. एक बूट पायातून निघून लांब गेला होता. मी बर्फावर बसले होते, एका पायात नुसता मोजा. तू कुठे होतास?"

"कुठे म्हणजे? तिथेच होतो."

"गाडीखाली होतास. पोटावर पडून पट्टा चाचपत होतास. आणि मग मला हाक मारलीस. काय म्हणालास, आठवतंय?"

अँब्रोजला आठवेना.

"म्हणालास, 'कोरीन, इकडे ये, हे जरा धर.'"

अँब्रोजच्या कानांपर्यंत रक्त चढलं.

"पट्टा तुटला असता तर?" तो एकदम म्हणाला. "दोन मैलांवर, उघड्या वाऱ्यात! दोघं गोठून मेलो असतो तिथे. आधी गाडी बघायला नको?"

"बघायला हवी ना. पण आधी एकदा वळून माझ्याकडे बघितलं असतंस तर पट्टा काय पळून जाणार होता?"

"मग हे तेव्हाच सांगायचं! मी महिनाभर बोटं सोलतोय, नळी फोडली, नाक फोडलं, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही…"

"मला वाटलं, तुझं तुला सुचेल," कोरीन म्हणाली. "तर तुला खिळे सुचले."

आतून आयडेला खोकली. अँब्रोजनं टोपी उचलली आणि बाहेर आला. पेस्टीसुद्धा खाल्ली नाही. परतीच्या वाटेवर त्याची गाडी अशी सरळ आणि शहाण्यासारखी चालली की तशी ती आयुष्यात कधी चालली नव्हती, आणि त्यामुळे त्याचा संताप आणखी वाढत गेला. जी गोष्ट महिनाभर चुकत होती ती आता तंतोतंत बरोबर होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. त्यानं उगीच दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहिला. गाडी घसरली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढचे दोन आठवडे तो तबेल्याखेरीज कुठे गेला नाही. फ्लॅनरीनं विचारलं, "काय, जमलं का माप?" अँब्रोजनं त्याच्याकडे असं पाहिलं की फ्लॅनरी चक्क हळू आवाजात बोलायला लागला. रविवारी फोन वाजला. कोरीननं विचारलं, जेवतोस का. तो म्हणाला, जेवतो. खिळ्यांचं बोलायचं नाही म्हटल्यावर आपल्याकडे बोलायला फार काही नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही. खोटं कशाला सांगा, तिच्यावरच राग आला.

मार्च अर्ध्यावर आला. दुपारी बर्फावर पाणी साचू लागलं, वाटेवरची झाडं कलंडायला लागली. आणखी आठवड्याभरात वाट बंद होणार, मग बोट सुरू होईपर्यंत मध्ये काहीच नाही. त्या शुक्रवारी फोन आला, रविवार नसताना.

"उद्या सकाळी ये," कोरीन म्हणाली. "आयडेला पत्त्यात लबाडी करते आणि पकडलं की रडते. मला कंटाळा आलाय."

"येतो," अँब्रोज घाईघाईनं म्हणाला.

"पण गाडी मी चालवणार."

"तू?"

"कोळ्याची पोर आहे मी. तू घोड्याचं शेपूट धरत होतास तेव्हा मी बापाची गाडी पलीकडे नेत होते. मी चालवणार, तू मागे बसायचं. नाहीतर येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ती एकच लहान पिशवी घेऊन बाहेर आली. सुटकेसी आणि रोप आयडेलाकडेच. अँब्रोजनं पिशवीकडे पाहिलं. तो मागच्या सीटवर बसला.

मागून काहीच दिसत नाही. एवढी साधी गोष्ट, पण चाळीस वर्षांच्या संसारात तो कधी मागे बसलाच नव्हता. समोर नुसता तिचा जाड तपकिरी कोट. पुढे पाणी साचलंय की बर्फ आहे, झाड उजवीकडे आलं की डावीकडे, ब्रेक कधी लागणार, कशाचा पत्ता नाही. गाडी वळायच्या आधी कळत नाही, वळली की अंग भलतीकडेच झुकतं. पट्ट्याच्या वर तीन सूत पोलाद निघालंय हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यानंच तर एकेक नट पिळला होता. तरी त्याचे दोन्ही हात सीटच्या कड्या आवळून धरून बसले होते.

"हळू!" तो ओरडला.

"हळूच आहे!" ती ओरडली.

आणि खरंच हळू होतं. इतकं हळू की त्याला जीव नकोसा झाला. प्रत्येक झाडापाशी ती वेग कमी करायची, बर्फाकडे बघायची, मगच पुढे. असं चाललं तर बर्फ वितळायच्या आत पोचतो की नाही अशी त्याला शंका यायला लागली. मग मध्यावर कुठेतरी बर्फानं खोल पोटातून हुंकार दिला, लांबवर तडा गेल्यासारखा. कोरीननं ब्रेक दाबला. गाडी होती तिथे उभी राहिली, एक वीतही सरकली नाही.

अँब्रोज टुणकन खाली उतरला. पोटावर झोपला आणि मान वाकडी करून पट्ट्याखाली बघू लागला. खिळे सगळे जागेवर होते. पत्र्यावर एक ओरखडा नाही. 'वा!' असं त्याच्या तोंडून निघालंसुद्धा असेल. तेवढ्यात इंजिनचा आवाज चढला, पट्टा त्याच्या नाकासमोरून फिरला, बर्फाचा चुरा तोंडावर आला, आणि तो डोळे पुसून उठेपर्यंत कोरीन चौथ्या झाडापाशी पोचली होती. या वेळी मात्र ती हळू चालवत नव्हती.

"कोरीन!" तो ओरडला. "अगं!"

ती काही वळली नाही. कोट लहान होत गेला आणि बेटाच्या काळ्या किनाऱ्यात मिसळून गेला.

उरलेली वाट अँब्रोज पायी चालला. घसरत, शिव्या देत, दर थोड्या वेळानं ढुंगणावर आपटत. गाडीच्या पट्ट्यापायी त्यानं महिनाभर घालवला, स्वतःच्या बुटांखाली खिळे लावायचं मात्र कधी मनात आलं नव्हतं. वाटेवर तिच्या गाडीच्या खिळ्यांच्या खुणा होत्या, स्वच्छ, खोल, एकसारख्या. तो त्या बघायला वाकला, वाकल्यावर आपण काय करतोय ते त्याला कळलं, आणि स्वतःला एक सणसणीत शिवी हासडून तो सरळ झाला. मग एका पडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसला. वारा बोचत होता. हाक मारली तर ऐकायला मैलभर कोणी नव्हतं. तिनं त्या दिवशी असंच बसून त्याचे नुसते पाय बघितले असतील, गाडीखालून बाहेर आलेले. हा विचार आला तसा तो तिथे फार वेळ बसला नाही.

बंदरावर ती होती. गाडी बंद करून तिच्यावर बसून राहिली होती, घरी गेली नव्हती. वेंडेल कॉफीचा मग घेऊन शेजारी उभा होताच.

"बायको गाडीवर आणि नवरा पायी!" त्यानं लांबूनच सुरुवात केली. "काय अँब्रोज, खिळे लांब झाले की आखूड?"

"वेंडेल, घरी जा," कोरीन म्हणाली, आणि वेंडेल गेला.

अँब्रोज तिच्यासमोर येऊन उभा राहिला. धाप लागली होती. तोंडात वाक्य तयार होतं: ब्रेक बघितलास ना, कसा जागच्या जागी लागला? महिन्याभराचे कष्ट त्या वाक्यात होते. ते त्यानं मोठ्या मुश्किलीनं गिळलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे वाऱ्यानं लाल झाले होते, ओठ निळसर, हात काखेत खुपसलेले.

"गारठलीस का गं?" त्यानं विचारलं.

"गारठले," ती म्हणाली. "मागच्या मार्चपासून."

त्यानं आपले जाड हातमोजे काढले आणि तिच्या मोज्यांवरूनच चढवायला लागला. ते त्याला नीट जमेना, तिचा अंगठा भलत्याच बोटात जाऊन बसला. तिनं हात मागे घेतला नाही. मग ती पुढे सरकली, तो तिच्या मागे बसला, आणि ती गाडी घराकडे घेऊन गेली.